स्कॉटिश नोटा, लेस्टरचं भाडं आणि चौदावा दिवस

प्रश्न : ग्लासगोत एमएस्सी केलं, आता नोकरीसाठी लेस्टरला आले आहे. पार्ट-टाइम कामाचे आणि निघताना सामान विकल्याचे मिळून 1,140 पौंड रोख जवळ आहेत, सगळ्या स्कॉटिश नोटा. त्यातल्या 200 पौंडांच्या जुन्या कागदी वीसच्या आहेत. बँकेत खातं आहे, पण रोख भरायला वेळच झाला नाही. इथली दुकानं या नोटा घेत नाहीत. एका रेस्टॉरंटमध्ये जेवण झाल्यावर नोटा नाकारल्या, मॅनेजर पोलिसांना बोलावतो म्हणाला, शेवटी कार्डाने पैसे दिले. 1 तारखेला भाड्याचे 650 पौंड घेऊन घरमालकांकडे गेले, तर ‘या इथे चालत नाहीत, नीट नोटा आण’ म्हणाले. 4 तारखेला त्यांचा मेसेज आला : 60 पौंड लेट फी आणि वर रोजचे 5 पौंड. नोटेवर स्टर्लिंग लिहिलेलं असताना हा नकार बेकायदा नाही का? दावा लावता येईल का? लातूरहून बाबा म्हणतात, कोणाबरोबर तरी इकडे पाठव, मुंबईत बदलून घेऊ.

उत्तर : तुमचं पत्र 9 तारखेचं आहे आणि मी 11 तारखेला लिहिते आहे. पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ता करा : उद्या सकाळी तुमच्या बँकेच्या काउंटरवर जा, पॉलिमरच्या, म्हणजे नव्या प्लास्टिकच्या, 940 पौंडांच्या नोटा खात्यात भरा आणि तिथूनच 650 पौंड घरमालकांच्या खात्यावर पाठवा. मशीनच्या नादी लागू नका, काउंटरवरच भरा आणि पावती घ्या. ट्रान्सफरच्या संदर्भात महिना आणि घराचा पत्ता लिहा.

घाई कशासाठी, ते सांगते. इंग्लंडमध्ये 2019 चा टेनंट फीज ॲक्ट लागू आहे. भाडं थकल्याबद्दल घरमालकाला काहीही आकारायचं असेल, तर भाडं देय झालेल्या तारखेपासून चौदा दिवस उलटावे लागतात आणि देय तारीख त्या चौदांत धरली जाते. तुमचं भाडं 1 तारखेला देय होतं, म्हणजे 14 तारीख संपेपर्यंत पूर्ण 650 पोचले तर घरमालकांना एक पेनीही मागता येत नाही. 60 पौंड नाहीत, रोजचे पाचही नाहीत. 15 तारीख उजाडली तरीसुद्धा ‘लेट फी’ नावाची रक्कम घेता येत नाही. घेता येतं ते फक्त व्याज, आणि तेही भाडेकरारात लिहिलेलं असेल तरच. त्याची कमाल मर्यादा बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटवर, म्हणजे मूळ व्याजदरावर, 3 टक्के. बेस रेट 4 टक्के धरला तर 650 पौंडांवर दिवसाला साडेबारा पेन्स होतात. कुठे साडेबारा पेन्स आणि कुठे पाच पौंड!

मग साडेबारा पेन्सांसाठी धावपळ कशाला, असं मनात येईल. कारण 14 तारखेच्या आत पैसे गेले की वादच शिल्लक राहत नाही. त्यानंतर गेले की ‘भाडं थकवणारी भाडेकरू’ अशी तुमची नोंद होते, आणि पुढच्या घरासाठी हेच घरमालक रेफरन्स देणार आहेत.

आता नोटांकडे येऊ. दर शरद ऋतूत, स्कॉटलंडमधून शिकून मुलं दक्षिणेला नोकरीसाठी आली की मला हेच पत्र येतं, फक्त गावाचं नाव बदलतं. प्रत्येकाच्या मनात आपल्याकडची नोट असते. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याचं कलम 26 सांगतं की बँकेची नोट भारतात कुठल्याही ठिकाणी वैध चलन आहे, म्हणजे देणं फेडायला ती पुढे केली तर नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये असं कलम नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा वैध चलन आहेत त्या फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल यांच्या नोटा वैध चलन नाहीतच, इंग्लंडमध्ये नाहीत आणि खुद्द स्कॉटलंडमध्येही नाहीत. तिकडे फक्त नाणी वैध चलन आहेत. ग्लासगोत वर्षभर तुमच्या नोटा चालल्या त्या लोकांच्या विश्वासावर.

तो विश्वास पोकळ नाही. 2009 च्या बँकिंग ॲक्टनुसार या बँकांना चलनात असलेल्या नोटांच्या पूर्ण मोलाची तरतूद कायम बाजूला ठेवावी लागते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडमध्ये दहा लाख पौंडांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात, त्यांना ‘जायंट’ आणि ‘टायटन’ म्हणतात. तुम्ही लातूरच्या, म्हणून सांगते : घरातल्या जुन्या माणसांकडून निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांच्याबद्दल ऐकलं असेल. त्यांचं मोल वेगळं होतं, बदलताना बट्टा बसायचा. इथे तसं नाही. स्कॉटिश पौंड आणि इंग्लिश पौंड एकच. तुमचा एक पेनीही बुडालेला नाही, तो चुकीच्या गावात अडकला आहे.

दुकानदारांवर दावा लागत नाही. फळीवर मांडलेली वस्तू हे कायद्याच्या नजरेत फक्त आमंत्रण असतं. प्रस्ताव तुम्ही गल्ल्यापाशी मांडता आणि दुकानदार तो मान्य करतो किंवा करत नाही. औषधांच्या एका दुकानावरून 1953 मध्ये इथल्या कोर्टाने हे पक्कं केलं. करारच झालेला नसेल तर देणंही नाही, आणि देणं नसेल तर वैध चलनाचा प्रश्न येत नाही. दुकानदार पन्नासची इंग्लिश नोटही परत करू शकतो. स्कॉटिश नोटा सगळीकडे घ्यायला लावाव्यात म्हणून खासदार डेव्हिड मंडेल यांनी 2009 मध्ये आणि ॲलिस्टेअर कारमायकल यांनी 2018 मध्ये विधेयकं आणली. एकही कायदा झालं नाही. एक अपवाद मात्र आहे. तुमच्या पुढच्या गोऱ्या गिऱ्हाइकाची तीच नोट घेतली आणि तुमची नाकारली, असं खरोखर घडलं असेल तर 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली वेगळा विचार करता येईल. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

रेस्टॉरंटची गोष्ट निराळी आहे. तिथे जेवण आधी झालं, म्हणजे देणं तयार झालं होतं. पण पैसे न देता निघून जाण्याचा गुन्हा 1978 च्या थेफ्ट ॲक्टच्या कलम 3 मध्ये आहे आणि त्यात अप्रामाणिकपणा व पैसे बुडवण्याचा इरादा दोन्ही लागतात. तुम्ही पैसे हातात धरून उभ्या होतात. पोलिसांची धमकी मनातून काढून टाका.

भाडं हेही तयार देणंच, आणि इथे तुम्ही विचाराल की मी 1 तारखेला 650 पुढे केलेच होते ना? मी केलेल्या या शोधाचं मला स्वतःला अप्रूप आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. एकेकाळी इंग्लंडमध्येही गावोगावच्या बँका आपापल्या नोटा काढत. 1831 च्या पोलग्लास विरुद्ध ऑलिव्हर या खटल्यात ऋणकोने अशाच स्थानिक बँकेच्या नोटा पुढे केल्या, आणि धनकोने हरकत घेतली ती फक्त रक्कम कमी असल्याची. कोर्टाने म्हटलं, नोटांच्या प्रकारावर त्या वेळी आक्षेप घेतला नाहीस, आता घेता येणार नाही. तुमच्या घरमालकांनी नुसतं ‘दहा पौंड कमी आहेत’ म्हणून पैसे परत केले असते, तर हा खटला तुमच्या बाजूने उभा राहिला असता. पण ते ‘या इथे चालत नाहीत’ म्हणाले. आक्षेप नोटांवरच होता. त्यामुळे 1 तारखेला भाडं दिलं गेलं असं मला म्हणता येणार नाही.

शिवाय तुमच्या करारात भाडं बँक ट्रान्सफरनेच द्यायचं असं कलम असण्याची बरीच शक्यता आहे. मग त्यांना कुठलीच रोख घेण्याची सक्ती नव्हती. करार तुम्ही पाठवलेला नाही, आणि सही करताना वाचला होता असंही पत्रावरून वाटत नाही. आज रात्री वाचा.

पैसे पाठवल्यावर घरमालकांना लेखी दोन वाक्यं धाडा : या महिन्याचं भाडं चौदा दिवसांच्या आत पूर्ण भरलं आहे, आणि 60 पौंड व रोजचे 5 पौंड ही आकारणी टेनंट फीज ॲक्ट 2019 ला धरून नाही म्हणून मी ती देणार नाही. भांडू नका, नोटांचा विषयही काढू नका. डिपॉझिटमधून कापण्याची भाषा आली तर लेस्टर सिटी कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागाकडे, तक्रार करा. अशा बेकायदा आकारणीला पहिल्या वेळी 5,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घेतलेली रक्कम परत मिळवायला फर्स्ट-टियर ट्रायब्युनल हे न्यायाधिकरण आहे, पण तिथे महिनोन्‌महिने जातात. साठ पौंडांसाठी माणसाला तेवढं ताटकळवणारी व्यवस्था मला लाजिरवाणी वाटते, आणि म्हणूनच तारखेच्या आत पैसे भरा म्हणून मी इतकी मागे लागले आहे.

कागदी 200 पौंड वेगळे ठेवा. वीसच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर चलनातून बाद झाल्या आहेत, स्कॉटिश आणि इंग्लिश दोन्ही. सामान विकताना त्या घ्यायलाच नको होत्या. तरीही त्या रद्दी झालेल्या नाहीत. नोट म्हणजे ती काढणाऱ्या बँकेची वचनचिठ्ठी, आणि वचन त्या बँकेनेच पाळायचं असतं. बँक ऑफ इंग्लंड फक्त स्वतःच्या जुन्या नोटा बदलून देते, तिकडे हेलपाटा घालू नका. कुठल्या नोटेवर कोणत्या बँकेचं नाव आहे ते पाहून त्या त्या बँकेशी बोला. खातेदार नसलेल्यांना रकमेची मर्यादा असू शकते आणि ओळखपत्र मागतात. क्लाइड्सडेलच्या असतील तर शाखांवरच्या पाट्या गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत, आधी फोन करून मग जा.

बाबांना सांगा, नोटा मुंबईला नकोत. एवढ्या रकमेला फेमाची, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याची, अडचण नाही, अडचण गल्ल्यावर आहे : आपल्याकडचे बहुतेक मनी चेंजर बँक ऑफ इंग्लंडचीच नोट घेतात. कोणी स्कॉटिश घेतलीच तर भाव पाडून घेईल.

करारातलं भाड्याचं कलम आणि घरमालकांच्या 4 तारखेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मला पाठवा. त्याआधी बँकेत जा.