चालकविरहित गाड्या आल्यावर चौकात आधी कोणाला सोडायचं?

सगळ्या गाड्या आपापल्या चालू लागल्या आणि सिग्नल काढून टाकले, तर चौकात आधी कोण जाणार आणि तो निवाडा न्यायाचा असेल का, असं तुम्ही विचारलंय. मी वाहतूक नियोजनात काम करतो आणि दादर टीटीवरून माझी नेहमीची ये-जा आहे, म्हणून तोच चौक डोळ्यांपुढे ठेवतो.

टेक्सास विद्यापीठातल्या कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन यांनी २००४ मध्ये एक पद्धत मांडली. चौकाचे लहान लहान चौकोन पाडायचे. येणारी गाडी तिथल्या संगणकाला आधीच कळवते: अमुक क्षणी, अमुक वेगाने पोचतेय, उजवीकडे वळायचंय. तिच्या वाटेतले चौकोन त्या त्या क्षणी मोकळे असतील तर आरक्षण मिळतं. नसतील तर तिने वेग कमी करून पुन्हा मागायचं.

जो आधी मागेल त्याला आधी. रेशनच्या रांगेसारखा सरळ नियम वाटतो, पण मला तो पुरेसा वाटत नाही. आंबेडकर रस्त्यावरून गाड्या सलग येत असताना गल्लीतली एकेक गाडी मध्ये घुसली, तर दर वेळी तिच्या पुढेमागे सुरक्षित अंतर सोडावं लागतं आणि तेवढा वेळ चौक रिकामा पडतो. लेविन, बॉइल्स आणि पटेल या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की काही रस्त्यांवर ही पद्धत साध्या सिग्नलपेक्षाही जास्त खोळंबा करते. त्यापेक्षा एका दिशेच्या चार-सहा गाड्या एकदम सोडाव्यात, आणि गल्लीतल्या गाडीला जास्तीत जास्त किती थांबवायचं याची मर्यादा आधीच ठरवावी.

पैसे मोजून पुढे जाण्याचे, म्हणजे लिलावाचेही प्रस्ताव आहेत. माझा त्यांना ठाम विरोध आहे. रस्ता सगळ्यांचा आहे.

माझ्या मते मोजायची ती माणसं. पन्नास माणसांची बेस्ट बस आणि एकट्या माणसाची मोटार यांचं एक मिनिट सारखं कसं धरायचं? आणि दादर स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी? पायी चालणारा कुठलंच आरक्षण मागत नाही. त्याची पाळी ठराविक वेळाने आपोआप आलीच पाहिजे, मागे कितीही गाड्या असोत.

शिवाय दुचाकी, टॅक्सी, हातगाड्या रस्त्यावर असेपर्यंत सिग्नलचे दिवे ठेवावे लागणारच. ड्रेसनर-स्टोन यांनीही माणसाने चालवलेल्या गाड्यांसाठी दिवे ठेवलेच होते. बसला आणि पादचाऱ्याला आधी सोडायचं काम मात्र आजच्या सिग्नलवरही करता येतं, त्यासाठी चालकविरहित गाड्यांची वाट पाहायची गरज नाही.