सांगाड्याआधी दात बघ

प्रिय,

डायनासोरनंतरच्या काळावर काम करायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. बहुतेकांची गोष्ट 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोतल्या युकातानला आदळलेल्या लघुग्रहापाशी संपते. पुढचं सगळं ‘सस्तन प्राण्यांचं युग’ म्हणून उरकलं जातं. पण त्या युगात आर्क्टिकमधल्या एल्झमिअर बेटावर मगरींचे जातभाई राहत होते आणि सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर हिमस्तर पसरू लागला.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. अखंड सांगाड्यांच्या मोहात पडू नकोस. दात, पानं आणि सूक्ष्म कवचं, यांच्याशी आधी ओळख कर.

पॅलिओसीन हा डायनासोरनंतरचा पहिला कालखंड संपून इओसीन हा पुढचा सुरू होतानाचंच बघ. साधारण 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी प्रचंड कार्बन हवेत आणि समुद्रात मिसळला, पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापली. ही घटना उघडकीला आली ती अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळामुळे. 1991 साली त्यातल्या फोरॅमिनिफेरांच्या, म्हणजे कवच असलेल्या एकपेशीय समुद्री जीवांच्या, इवल्या कवचांतले ऑक्सिजन आणि कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजले गेले; त्यांच्या प्रमाणावरून तेव्हाचं तापमान आणि कार्बनमधला बदल कळतो. खोल समुद्राच्या तळावर राहणाऱ्या त्यांच्या कितीतरी जाती तेव्हा कायमच्या नाहीशा झाल्या.

जमिनीवरची बाजू अमेरिकेतल्या वायोमिंगच्या बिगहॉर्न खोऱ्यात दिसते. तिथल्या सिफ्रहिपस या आद्य घोड्याच्या दाढा उष्णता वाढत गेली तशा लहान होत गेल्या. दाढेच्या मापावरून अंगाचा अंदाज बांधता येतो; हा प्राणी सुमारे 30 टक्क्यांनी घटून जवळपास मांजराएवढा झाला आणि हवा निवल्यावर पुन्हा वाढला. त्याच थरांतल्या दातांच्या एनॅमलमधून, म्हणजे वरच्या कठीण आवरणातून, तापमानाचा मागही काढता येतो. माप आणि हवामान दोन्ही दातांतूनच, हे मला आजही विलक्षण वाटतं. शेजारच्या पानांवर किड्यांनी कुरतडल्याच्या खुणा त्या उष्ण काळात वाढलेल्या दिसतात. अशी फाटकी पानं बाजूला टाकू नकोस.

या घटनेची आजच्या तापमानवाढीशी तुलना करशील तेव्हा वेगाचं भान ठेव. तेव्हाचा कार्बन हजारो वर्षांत मिसळला. आपण तो कितीतरी जास्त वेगाने ओततो आहोत. घोड्यांना आकार बदलायला अनेक पिढ्यांची सवड होती. ही तुलना घाईने, नुसत्या अंशांच्या आकड्यांवर केलेली मला पाहवत नाही.

आणि एक सक्त सूचना. थराची नोंद झाल्याशिवाय एकही दात उचलायचा नाही. कुठला थर, ओळखीच्या थरापासून किती वर, खडक कसा, रंग कोणता, हे जागेवरच लिहायचं, फोटो काढायचा, मग हात लावायचा. थर हरवला की त्या दाताचा काळही गेला, मग तो कितीही सुंदर असो. पहिल्या मोसमात जीवाश्म थोडे मिळाले तरी चालतील. वही मात्र भरलेली हवी. परत आलास किंवा आलीस की आधी तीच दाखव.

तुझा हितचिंतक