48 व्या वर्षी नोकरी सोडायची असेल तर एक कोटी रुपये पुरतील का?

आपले वय 38, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरी, घरखर्च महिना 40,000 रुपये, कागलकडे दीड एकर ऊस, आणि एक कोटी रुपये जमले की 48 व्या वर्षी नोकरी सोडायची, असे आपण लिहिले आहे. मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातून 50 व्या वर्षी बाहेर पडलो. माझ्या मते एक कोटी पुरणार नाहीत.

महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर आजचा 40,000 रुपयांचा खर्च दहा वर्षांनी सुमारे 71,600 रुपये होतो, तर 7 टक्के व्याजाने ठेवलेले एक कोटी महिन्याला साधारण 58,000 रुपयेच देतात. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून मुद्दल मोडावे लागेल, आणि त्यानंतर बारा वर्षांनी तोच खर्च पुन्हा दुप्पट झालेला असेल. त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या तीसपट रक्कम, म्हणजे अडीच कोटींहून थोडे अधिक, मला सुरक्षित वाटते. तेवढे जमत नसेल तर निवृत्ती पुढे ढकलावी, गणितातला खर्च ओढूनताणून कमी दाखवू नये.

याहून अवघड प्रश्न असा, की पैसा आपला असूनही 48 व्या वर्षी तो हाताशी नसतो. भविष्य निर्वाह निधीचे पूर्ण निवृत्तिवेतन 58 व्या वर्षी सुरू होते. 50 नंतर ते आधी घेता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते. आज पीपीएफ खाते उघडले तर ते 53-54 व्या वर्षी परिपक्व होईल, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे 60 नंतरची. मधल्या दहा-बारा वर्षांच्या खर्चाची तरतूद म्हणूनच वेगळी हवी. कंपनीचा आरोग्य विमाही बहुधा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी.

उसाचे बिल पगारासारखे धरू नका. आडसाली लावण असेल तर पीक हाती यायला दीड वर्ष लागते, कायद्याने बिल 14 दिवसांत मिळायला हवे तरी ते नेहमी तसे येतेच असे नाही, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत नदीकाठच्या उसाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

शेवटी पतसंस्थेविषयी कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी तिथे ठेवण्याची पद्धत आहे आणि मीही तेच केले. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलसुद्धा, एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला तो लागू नाही. मी ठेव ठेवलेली संस्था अडचणीत आली तेव्हा मी 52 वर्षांचा होतो, पगार बंद झालेला होता आणि मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुद्दल चार वर्षांत हप्त्याहप्त्याने परत आले, व्याज आलेच नाही, आणि त्या काळात घर चालवण्यासाठी मला पुन्हा नोकरी धरावी लागली, तीही पूर्वीच्या निम्म्या पगारावर.