पेटीत राणी दिसत नाही, राणीघरं मात्र आहेत. मोडू का?

सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेटीत राणी सापडत नाही, मधल्या पोळ्यावर दोन राणीघरं (नवी राणी वाढते ती मेणाची घरं) आहेत, ती मोडून बाहेरची राणी घालावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर त्यांना हात लावू नका.

राणी शोधत बसू नका, मलाही दर वेळी दिसत नाही. उन्हाकडे पाठ करून पोळ्याची चौकट धरा आणि घरांच्या तळाशी अंडी बघा. तांदळाच्या कणीहून बारीक अंडं, एका घरात एकच, दिसलं, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती. पोळ्याच्या खालच्या कडेला सात-आठ राणीघरं लागली असतील तर वसाहत फुटायच्या, म्हणजे माश्यांचा एक थवा राणीसकट उडून जायच्या, बेतात असते. मधोमध एक-दोनच असतील तर बहुधा माश्यांनीच म्हातारी राणी बदलायला घेतलीय.

मी पहिल्याच वर्षी इथे चुकले. माश्या उडून जातील म्हणून सगळी राणीघरं चाकूनं काढली. राणी आधीच मेली होती, हे नंतर कळलं. कोवळी अळीच नाही, तर नवी राणी घडणार कशातून? काही दिवसांनी बघते तर एकेका घरात तीन-तीन अंडी, काही तर भिंतीलाच चिकटलेली. कामकरी माश्या अंडी घालत होत्या. त्यातून नुसते नर निघतात. ती पेटी गेली.

नव्या राणीला मीलनासाठी नर लागतात, म्हणून आधी पेटीत नर आहेत का बघा. सातेरीत नराच्या घराच्या टोपणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं, चटकन ओळखू येतं. सह्याद्रीतल्या मुसळधार पावसात मात्र राणी मीलनाला उडूच शकत नाही. तेव्हा राणीघरांच्या भरवशावर न राहता, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ही वसाहत राणी असलेल्या पेटीला जोडा.

विकत राणी घेणारच असाल तर सातेरीचीच घ्या. मेलिफेराची, म्हणजे परदेशी मधमाशीची, राणी यात चालत नाही, विकणारा काहीही सांगो.

राणीघराच्या टोकाचं मेण कुरतडून आतला तपकिरी कोष उघडा पडला की राणी एक-दोन दिवसांत बाहेर येते. त्यानंतर दोन-तीन आठवडे दुपारी पेटी उघडू नका. राणी मीलनाला गेलेली असली तर परतताना गोंधळून भलत्याच पेटीत शिरते.