लिबसोडियम : पासवर्डने फाइल कुलूपबंद करताना

प्रश्न : लिबसोडियम या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअर लायब्ररीमध्ये सीक्रेटबॉक्स, बॉक्स, साइन, पीडब्ल्यूहॅश असे भाग आहेत. पासवर्डने छोटी फाइल कुलूपबंद करायला यांतले नेमके काय लागते?

उत्तर : पीडब्ल्यूहॅश (पासवर्डपासून किल्ली काढणारा) आणि सीक्रेटबॉक्स (त्या किल्लीने फाइल कुलूपबंद करणारा). साइन सहीसाठी, बॉक्स दोघांमधल्या निरोपांसाठी. ते सध्या बाजूला ठेवा.

पासवर्ड थेट किल्ली म्हणून देऊ नका. १६ बाइटांचे यादृच्छिक सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचे बाइट) घ्या आणि पीडब्ल्यूहॅशमधल्या आर्गॉन२आयडी या पद्धतीने ३२ बाइटांची किल्ली काढा. ही क्रिया मुद्दाम मेमरीखाऊ ठेवली आहे, त्यामुळे पासवर्ड ताडून पाहणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडतो.

खरी काळजी नॉन्सची, म्हणजे सीक्रेटबॉक्सला किल्लीसोबत द्यायच्या, एकदाच वापरायच्या आकड्याची. तो २४ बाइटांचा. गुप्त नसला तरी चालतो, पण त्याच किल्लीबरोबर पुन्हा कधीही नको. पुन्हा आला की दोन्ही फायलींवर एकच बाइटप्रवाह चढतो. त्या कुलूपबंद फायली एकमेकींशी एक्सॉर केल्या (बिटागणिक फरक काढला) की प्रवाह गळून पडतो आणि मूळ मजकुरांतला फरक उघडा होतो. शून्यांनी भरलेला नॉन्स चाचणीत बिनतक्रार चालतो, म्हणूनच तो जास्त घातक.

सॉल्ट, नॉन्स आणि आर्गॉनच्या मर्यादा (किती काम, किती मेमरी) फाइलच्या सुरुवातीला तशाच लिहा. फाइल बदलली का हे ओळखणारा पॉली१३०५चा १६ बाइटांचा शिक्का आपोआप जोडला जातो. उघडताना -१ आले, तर पासवर्ड चुकला आहे किंवा फाइल बदलली आहे. त्यातला एकही बाइट वापरू नका.