वाचकांचे प्रश्न : ‘कोइ’ हा हातांचा नाच आहे

प्रश्न : आम्ही पुण्यातील जपानी भाषेच्या वर्गातील सहा जणी स्नेहसंमेलनासाठी जपानी गायक होशिनो गेन यांच्या ‘कोइ’ या गाण्यावर नाच बसवत आहोत. चित्रफितीत तो अगदी सोपा वाटतो. प्रत्यक्षात ध्रुवपद येईपर्यंत आमचे हात मागे पडतात आणि दम लागतो. नेमके कोठे चुकते?

उत्तर : हा नाच सोपा दिसावा अशाच बेताने रचलेला आहे, आणि त्याची खरी अडचण तीच आहे. गाण्याची लय मिनिटाला सुमारे १५८ ठोक्यांची आहे आणि हातांची ठेवण इतक्या भरभर बदलते की, एक हालचाल थोडी मोठी झाली तरी पुढची चुकते. हा नाच बसवणाऱ्या नृत्यदिग्दर्शिका मिकिको यांनी ‘परफ्यूम’ या तीन गायिकांच्या संचाचे नाच वर्षानुवर्षे बसवले आहेत. मनगट, कोपर आणि बोटे यांच्या नेमक्या, आखीव हालचाली हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य. ‘कोइ’च्या चित्रफितीत होशिनो यांच्यासोबत नाचणाऱ्या नर्तकी मिकिको यांच्याच ‘इलेव्हनप्ले’ या नृत्यसंचातील आहेत. त्यांचे पाय सोडून काही वेळ फक्त हातच पाहा. एकही हात गरजेपेक्षा लांब जात नाही, हे लगेच ध्यानात येईल. आपण बहुधा अख्खा हात खांद्यापासून फेकत असाल, आणि दमछाक त्यामुळेच होत असावी.

हे गाणे ५ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाले. जपानच्या टीबीएस वाहिनीवरील ज्या मालिकेचे ते शीर्षकगीत होते, तिच्या प्रत्येक भागाच्या शेवटी कलाकार हाच नाच करीत. पहिल्या भागाला कांतो विभागात, म्हणजे तोक्यो आणि आसपासच्या भागात, १०.२ टक्के प्रेक्षक होते. डिसेंबरमधील अखेरच्या भागाला ते २०.८ टक्के झाले. त्याच डिसेंबरात तोक्योतील अमेरिकी राजदूत कॅरोलाइन केनेडी यांनीही दूतावासातील कर्मचाऱ्यांसह या नाचाची चित्रफीत काढली. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो त्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा, एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या ‘कोहाकु’ या गाण्यांच्या कार्यक्रमातील प्रसंग. मालिकेची नायिका आरागाकी युइ तेथे परीक्षक म्हणून बसल्या होत्या. होशिनो गाऊ लागले तेव्हा बसल्या जागी, लाजत हसत, त्यांनी हातांनी नाच केला, आणि पाय मुळीच न वापरताही तो पूर्ण ओळखू आला. आपणही पहिले काही दिवस खुर्चीवर बसूनच सराव करावा, असा माझा आग्रह आहे.

फोनवर वेग निम्मा ठेवा, म्हणजे ठोके ७९ होतील. लय संथ झाली तरी हे गाणे विस्कटत नाही. २०१७ च्या वसंत ऋतूतील शालेय बेसबॉल स्पर्धेत, कोशिएनच्या मैदानावर, खेळाडूंचे संचलन याच गाण्याच्या धुनेवर झाले होते. नर्तकी आपल्याकडे तोंड करून नाचतात, त्यामुळे त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, हेही ध्यानात ठेवा. सहा जणींपैकी दोघी उलट शिकल्या तर रंगमंचावर हात एकमेकींना लागतील.

प्रश्न : ‘कोइ’ आणि ‘आइ’ या दोन्ही शब्दांचा अर्थ शब्दकोशात ‘प्रेम’ असाच दिला आहे. मग गाण्याला ‘कोइ’च का म्हटले?

उत्तर : ‘कोइ’मध्ये ओढ आहे, माणूस जवळ नसताना मन त्याच्याकडे धावते, ती. ‘आइ’मध्ये माया, जिव्हाळा, सांभाळणे हेही येते. पगारी कामाच्या करारासारखे लग्न करून एका घरात राहणाऱ्या दोघांना एकमेकांची ओढ हळूहळू लागते, हीच त्या मालिकेची गोष्ट असल्यामुळे शब्दाची निवड मला अचूक वाटते. गाण्यात पुढे नवरा-बायको या चौकटीच्याही पलीकडे जाण्याची हाक येते. इतक्या उड्या मारणाऱ्या चालीत एवढी गंभीर गोष्ट बेमालूम बसवलेली आहे, म्हणून मला हे गाणे फार प्रिय आहे.

प्रश्न : नाचाची चित्रफीत मूळ गाण्यासह इंटरनेटवर टाकली तर चालेल का? तशी परवानगी असल्याचे ऐकले आहे.

उत्तर : परवानगी होती, ती संपली. चाहत्यांनी विकत घेतलेल्या गाण्याचा सुमारे ९० सेकंदांपर्यंतचा भाग वापरून केलेल्या, कमाईचा हेतू नसलेल्या चित्रफितींना मालिका चालू असताना व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीने मुभा दिली होती. २०१७ च्या ऑगस्टअखेर ती मुदत संपली आणि अशा चित्रफिती काढून टाकण्यास कंपनीने सांगितले. त्यामुळे त्या जुन्या सवलतीवर विसंबू नका. स्नेहसंमेलनातील चित्रण आपल्या गटापुरते ठेवा, आणि तालीम चालू असतानाही एकदा चित्रण करून निम्म्या वेगाने पाहा. कोणाचा हात कोठे मागे पडतो ते त्यात स्वच्छ दिसेल.