पाकिटावर काय लिहायचे आणि ते कोणी वाचायचे

गेल्या अंकात फोनवरचा आवाज, चित्रे आणि मजकूर पॅकेटांच्या, म्हणजे पत्ता लिहिलेल्या छोट्या तुकड्यांच्या, रूपाने जाळ्यातून कसे जातात याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख पॅकेटची मांडणी आणि पॅकेटचा मार्ग या दोन गोष्टींकडे आहे. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. आमच्या काळी कॉल लागला की बोलणे संपेपर्यंत दोन टोकांमधला मार्ग त्या दोघांसाठीच राखून ठेवलेला असे. इतकी चांगली व्यवस्था सोडून संदेशाचे तुकडे करण्याची कल्पना कोणाची आणि ती कशासाठी?

उत्तर : ही कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचली आणि दोघांची गरज वेगळी होती. अमेरिकेत रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बारन यांच्यापुढे प्रश्न होता तो अणुयुद्धाचा. मोठी मध्यवर्ती एक्स्चेंजे उद्ध्वस्त झाली तरी उरलेल्या जाळ्यातून निरोप पोहोचला पाहिजे, यासाठी त्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत केंद्र नसलेल्या जाळ्याचा आराखडा तयार केला आणि १९६४ साली तो सविस्तर अहवालांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. गरजेपेक्षा सुमारे तिप्पट जोडण्या ठेवल्या तर जाळ्याचा मोठा भाग नष्ट झाला तरी उरलेला भाग एकमेकांशी बोलू शकतो, असे त्यांना आढळले. निरोपाचे १०२४ बिटांचे ठोकळे करायचे आणि प्रत्येक नोडने, म्हणजे जाळ्याच्या सांध्यावरील यंत्राने, हाती आलेला ठोकळा जवळ न ठेवता, त्या क्षणी जी वाट बरी दिसेल तिने लगेच पुढे द्यायचा, अशी ती योजना होती. निखारा हातात आला की माणूस तो धरून बसत नाही, तसे हे होते.

इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ साली हीच वाट दिसली, पण युद्धामुळे नव्हे. संगणकासमोर बसलेला माणूस एक ओळ लिहितो, विचार करतो, मग दुसरी ओळ लिहितो. त्याच्यासाठी मार्ग राखून ठेवला तर बहुतेक वेळ तो रिकामाच राहतो. आपल्या एक्स्चेंजमधील व्यवस्था सतत बोलणाऱ्या माणसांसाठी उत्तमच होती, परंतु थांबून थांबून बोलणाऱ्या यंत्रांसाठी ती उधळपट्टी ठरली असती. डेव्हिस यांनीही तुकड्याचे माप १०२४ बिट हेच धरले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. ‘पॅकेट’ हा शब्द त्यांचा आहे. इतर भाषांतही तो सहज रुळावा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. आपल्याकडे ‘पाकीट’ आधीपासून होतेच.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पॅकेटच्या हेडरमधील (पत्ता वगैरे माहितीच्या सुरुवातीच्या भागातील) रकाने आणि त्यांची बिटसंख्या आम्हाला पाठ करावी लागते. या आकड्यांमागे काही विचार आहे, की कोणीतरी ठरवले म्हणून ते तसे आहेत?

उत्तर : विचार आहे, आणि तो कळला की पाठांतराची गरज बरीच कमी होते. हेडरमधील प्रत्येक रकाना म्हणजे कामाची वाटणी आहे. कोणते काम पाठवणाऱ्याने करायचे, कोणते वाटेतील राउटरने (पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्राने) आणि कोणते घेणाऱ्याने, हे तिथे ठरलेले असते. म्हणूनच पॅकेटची मांडणी आणि पॅकेटचा मार्ग हे दोन वेगळे शोध आहेत असे मी मानत नाही. राउटरला जे वाचता येते त्यावरूनच तो वाट ठरवू शकतो.

एक पॅकेट प्रत्यक्षच उघडून पाहू. दुसरा संगणक उत्तर देतो का हे तपासण्यासाठी पाठवलेला पिंग वाटेत पकडला आणि त्याचे बाइट (आठ-आठ बिटांचे गट) षोडशमान, म्हणजे १६ च्या पायाच्या, पद्धतीने लिहून काढले, तर सुरुवात बहुधा अशी दिसेल : ४५ ०० ०० ५४. पहिला ४ म्हणजे आयपीची, म्हणजे इंटरनेटवरील पत्ते आणि पॅकेटची मांडणी ठरवणाऱ्या नियमावलीची, चौथी आवृत्ती. त्यानंतरचा ५ ही हेडरची लांबी आहे. ती ३२ बिटांच्या शब्दांत मोजलेली असते, म्हणून पाच शब्द म्हणजे २० बाइट. हेडरला जादा पर्याय जोडता येत असल्यामुळे ही लांबी दर वेळी सांगावी लागते. पुढचा ०० हा सेवेच्या प्रकाराचा. मग ०० ५४ ही एकूण लांबी आहे आणि षोडशमान ५४ म्हणजे आपले ८४ : आयपी हेडरचे २० बाइट, पिंगच्या स्वतःच्या हेडरचे ८ आणि आतील मजकुराचे ५६. लांबीसाठी १६ बिट ठेवल्यामुळे कोणतेही पॅकेट ६५,५३५ बाइटपेक्षा मोठे असू शकत नाही.

आणखी थोडे पुढे पॅकेट तोडण्यासंबंधीचा रकाना येतो आणि तिथे आखणीतील कसब फार सुंदर दिसते. वाटेतील एखाद्या जोडणीवरून मोठे पॅकेट जाऊ शकत नसेल, तर राउटर त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा मूळ पॅकेटमध्ये कुठे बसतो ते त्यावर लिहितो. लांबी १६ बिटांची, तेव्हा ही जागाही १६ बिटांची हवी होती. पण त्या १६ पैकी तीन बिट ‘तोडू नका’, ‘अजून तुकडे आहेत’ यांसारख्या खुणांसाठी लागले आणि १३ च उरले. तेव्हा जागा एकेका बाइटऐवजी आठ-आठ बाइटांच्या मापाने मोजायचे ठरले. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा आठाच्या पटीतच असला पाहिजे हा नियम, जो पाठ करताना मनमानी वाटतो, तो या तीन बिटांच्या टंचाईतून आला आहे.

त्यानंतर ४० आणि ०१ असे दोन बाइट दिसतील. ०१ म्हणजे आत पिंगसारखा नियंत्रणाचा संदेश आहे. षोडशमान ४० म्हणजे ६४ आणि हे पॅकेटचे आयुष्य आहे. १९८१ च्या मूळ मानकात ते सेकंदांत मोजायचे ठरले होते, पण प्रत्येक राउटरने निदान एक तरी वजा करावा अशीही अट होती. व्यवहारात सेकंद कोणी मोजले नाहीत आणि तो आकडा टप्प्यांचा झाला. शून्यावर आले की पॅकेट टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला तसे कळवायचे. या रकान्यामुळे वाट चुकलेले पॅकेट जाळ्यात कायम घिरट्या घालत राहत नाही.

या वजाबाकीची किंमत मात्र राउटरला मोजावी लागते. आयुष्याचा आकडा बदलला की हेडरची तपासणी बेरीजही (वाटेत चूक झाली का हे कळण्यासाठी बाइटांवरून काढलेला आकडा) बदलते आणि प्रत्येक टप्प्यावर ती दुरुस्त करावी लागते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीची आखणी करणाऱ्यांनी हे ओझे नेमके हेरले. त्यांनी आयपी हेडरमधील तपासणी बेरीज काढून टाकली, कारण खालच्या आणि वरच्या थरांत तपासणी होतेच. हेडरची लांबी ४० बाइट अशी कायम केली आणि पॅकेट तोडण्याचे काम राउटरकडून काढून फक्त पाठवणाऱ्याकडे दिले. पत्ता ३२ बिटांवरून १२८ बिटांचा झाला याचीच चर्चा अधिक होते, परंतु माझ्या मते राउटरच्या डोक्यावरचा भार उतरवणे हा त्या आवृत्तीतील अधिक विचारपूर्वक केलेला बदल आहे.

प्रश्न : जगातील प्रत्येक संगणकाचा पत्ता राउटरला माहीत असतो का?

उत्तर : नसतो. त्याला पत्त्यांचे गट माहीत असतात. समजा, त्याच्या तक्त्यात दोन नोंदी आहेत. पहिली म्हणते, ज्यांचे पहिले ८ बिट १० या आकड्याचे आहेत ते सारे डावीकडे. दुसरी म्हणते, ज्यांचे पहिले १६ बिट १०.२० असे आहेत ते उजवीकडे. १०.२०.३०.४० या पत्त्याचे पॅकेट आले तर दोन्ही नोंदी लागू पडतात, पण अधिक बिट जुळणारी नोंद ग्राह्य धरली जाते आणि पॅकेट उजवीकडे जाते. पूर्वी गटाची सीमा ८, १६ किंवा २४ बिटांवरच असे. त्यामुळे एका संस्थेला २५६ पत्ते अपुरे पडले की एकदम ६५,५३६ पत्त्यांचा गट द्यावा लागे. १९९३ च्या सुमारास सीमा कोणत्याही बिटावर ठेवण्याची पद्धत आली. हेडरमधील पत्त्याचा एकही बिट त्यासाठी बदलावा लागला नाही, बदलले ते फक्त तो पत्ता वाचणे.

प्रश्न : राउटर एकमेकांना वाटांची माहिती देतात असे आपण लिहिले होते. एखाद्याने चुकीची माहिती दिली तर सगळे जाळे फसू शकेल ना?

उत्तर : फसू शकते आणि फसलेलेही आहे. आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या पहिल्या पद्धतीत प्रत्येक नोड शेजाऱ्याला ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे’ एवढेच सांगत असे आणि शेजारी त्यावर विश्वास ठेवून आपला तक्ता बनवीत असे. १९७३ साली हार्वर्ड येथील नोडच्या स्मृतीत बिघाड झाला आणि सर्व अंतरांच्या जागी शून्य वाचले जाऊ लागले. आपल्यापासून प्रत्येक ठिकाण शून्य अंतरावर आहे असे तो सांगू लागल्यावर इतर नोडांनी आपली पॅकेटे त्याच्याकडे वळवली आणि ती तिथेच गडप झाली.

पुढे पद्धत बदलली. प्रत्येक नोडने फक्त आपल्या लगतच्या जोडण्यांची स्थिती साऱ्या जाळ्याला कळवायची आणि प्रत्येकाने त्यावरून पूर्ण नकाशा बनवून सर्वांत जवळची वाट स्वतः काढायची. वाट काढण्याची ही रीत एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली होती. अडचण एवढीच, की एकाच नोडची दोन निवेदने हाती आली तर नवीन कोणते हे कळायला हवे. त्यासाठी निवेदनावर सहा बिटांचा क्रमांक असे. ० ते ६३ झाले की घड्याळाच्या काट्यासारखे पुन्हा ० पासून. दोन क्रमांकांपैकी जो काट्याच्या दिशेने अर्ध्या फेरीपर्यंत, म्हणजे ३२ पावलांपर्यंत, पुढे असेल, तो नवा.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी एका नोडच्या निवेदनातील बिट स्मृतीत गळाले आणि त्याच नोडची ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांची तीन निवेदने जाळ्यात एकाच वेळी फिरू लागली. हे क्रमांक द्विमान पद्धतीने लिहून पाहावेत : १०११००, १०१०००, ००१०००. प्रत्येक वेळी एकच १ गळाला आहे. आता नियम लावा. ४० पेक्षा ४४ नवा. ६३ ओलांडून ० वर येणाऱ्या मोजणीत ४४ नंतर ८ हा २८ पावलांवर, म्हणून ४४ पेक्षा ८ नवा. आणि ८ नंतर ४० बरोबर ३२ पावलांवर, म्हणून ८ पेक्षा ४० नवा! तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा नवा ठरला. प्रत्येक नोड आधीचे निवेदन टाकून ‘नवे’ स्वीकारी, शेजाऱ्यांना देई आणि पुन्हा तेच. वाटांच्या निवेदनांना इतर सर्व पॅकेटांपेक्षा अग्रक्रम असल्यामुळे जाळे काही तास निकामी झाले. तारेवरून जाताना होणाऱ्या चुकांची तपासणी होती, परंतु नोडच्या आत ठेवलेल्या निवेदनाची नव्हती. शेवटी त्या नोडची निवेदने दुर्लक्षित करण्याची दुरुस्ती इतर नोडांत घालावी लागली.

आज मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ या पद्धतीत हा धडा निवेदनाच्या मांडणीतच उतरला आहे. क्रमांक ३२ बिटांचा असून तो गोल फिरत नाही, निवेदनाला वय असते आणि एक तास झाला की ते बाद होते, आणि त्याची तपासणी बेरीज ते साठवलेले असतानाही त्याच्यासोबत राहते. माझ्या दृष्टीने मार्गशोधनातील हे खरे शोध आहेत, जरी त्यांना कोणाचे नाव चिकटलेले नसले तरी.

प्रश्न : एटीएम (पैशांचे यंत्र नव्हे, आवाज आणि डेटा एकत्र नेण्याची पद्धत) या जाळ्यात पॅकेट नेमके ५३ बाइटचेच का असते? हा आकडा फारच विचित्र वाटतो.

उत्तर : तो तडजोडीचा आकडा आहे. ५ बाइट हेडरचे आणि ४८ मजकुराचे. एटीएमच्या या ठरावीक मापाच्या पॅकेटला सेल म्हणतात. डेटासाठी मोठा सेल हवा, म्हणून अमेरिकेकडून ६४ बाइटांचा आग्रह होता. युरोपला ३२ हवे होते, कारण तिथे लक्ष आवाजावर होते. फोनवरील आवाज सेकंदाला ६४,००० बिट या वेगाने तयार होतो, म्हणजे ६४ बाइट भरायला ८ मिलिसेकंद लागतात आणि ३२ भरायला ४. सेल भरेपर्यंत आवाज थांबून राहतो, आणि हा उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो, मग तो घालवण्यासाठी वेगळी यंत्रे बसवावी लागतात. ४८ हा दोन्हींचा मध्य. हेडरवरच नऊ टक्क्यांहून अधिक क्षमता खर्च होते आणि १५०० बाइटचे एक साधे पॅकेट नेण्यासाठी ३२ सेल लागतात, म्हणून डेटाच्या जगात हा सेल फार टिकला नाही.

प्रश्न : ‘पॅकेटची मांडणी व मार्गनिश्चितीची पद्धत’ अशा शीर्षकाची पेटंटे सतत दिसतात. मूळ शोध इतके जुने असताना त्यात नवीन काय उरले आहे?

उत्तर : प्रथम एक गोष्ट नोंदवतो. टीसीपी (मजकूर क्रमाने आणि खात्रीने पोहोचवणारी नियमावली) आणि आयपी यांचा पाया ज्यातून घातला गेला तो व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा लेख १९७४ साली खुलेपणाने प्रसिद्ध झाला आणि त्या दोघांनी त्यावर पेटंट घेतले नाही. याउलट इथरनेटवर (जवळपासच्या संगणकांना जोडणाऱ्या पद्धतीवर) झेरॉक्स कंपनीला १९७७ साली पेटंट मिळाले. दोन्ही सर्वदूर पसरले, तेव्हा पेटंट असण्यानसण्यावरून शोधाचे मोल ठरवू नये असे मला वाटते.

नवीन काय, हे शीर्षकावरून कधीच कळत नाही. ते पेटंटातील दाव्यांवरून कळते. दावा वाचताना पाहावे, की कोणता रकाना नव्याने लिहिला जातो, तो कोण वाचतो आणि त्यामुळे कोणाचे काम वाचते. उदाहरणादाखल एमपीएलएस घ्या. पत्त्याचे किती बिट जुळतात ते प्रत्येक टप्प्यावर शोधण्याऐवजी, जाळ्यात शिरतानाच पॅकेटवर चार बाइटचे लेबल लावायचे आणि आतील राउटरांनी फक्त लेबल पाहून पुढे द्यायचे, ही त्यामागची कल्पना. त्यातील २० बिट लेबलाचे, ३ वाहतुकीच्या वर्गाचे आणि १ बिट ‘याच्याखाली आणखी लेबल नाही’ हे सांगणारा. लेबल आयपी हेडरच्या पुढे बसते आणि आतले राउटर आयपी हेडर उघडतच नाहीत. पण मग लेबलांची वाट चुकून गोल फिरली तर आयुष्याचा आकडा वजा कोण करणार? म्हणून लेबलातील उरलेले ८ बिट पुन्हा त्याच कामासाठी राखले आहेत.